चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो आणि मे महिन्यातील भर दुपारी त्या चढावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्या रांगेत आमच्या गाडीची भर पडली. तिसऱ्या गिअरमध्ये नीट चढणारी गाडी एका वळणाच्या अलीकडे एकाएकी सैल पडली. ॲक्सिलरेटर दाबला तरी आवाज वाढेना, आणि पुढच्या क्षणी तो आवाजच थांबला. डॅशबोर्डवर बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन लाल दिवे लागले, आणि उघड्या खिडकीतून मागच्या ट्रकने गिअर उतरवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. गाडी डावीकडे घ्यावी म्हणून मी स्टिअरिंग वळवायला गेले, तर ते कोणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखे जड झालेले. माझा हात किल्लीकडे गेला. शेजारी बसलेले बाबा, ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्या चालवण्यात घालवली, ते शांतपणे म्हणाले, “अगं, किल्ली सोड. दोन्ही हातांनी ओढ आणि आधी गाडी डावीकडे घे.”

गाडी साइडपट्टीवर येऊन थांबली तेव्हा तिचा सगळा वेग संपलेला होता. आणखी एखादी गाडीची लांबी जायचे असते, तर ते शक्य झाले नसते. बिघाड क्षुल्लक निघाला. खाली सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून आलेल्या मेकॅनिकने फ्युएल पंपाचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा छोटा खटका, बदलला आणि अर्ध्या तासात आम्ही मार्गस्थ झालो. पण किल्लीकडे गेलेला तो हात माझ्या मनात राहिला, कारण त्या क्षणी किल्ली हा चुकीचा पत्ता होता, आणि तो चुकीचा का होता हे समजून घ्यायला मला पुढे बरेच वाचावे आणि विचारावे लागले.

इंजिन बंद पडले की काय जाते आणि काय उरते, हे आधी पाहू. इंजिनाचे मुख्य काम चाके फिरवण्याचे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे दुसरे काम चालकाला जाणवत नाही, कारण ते कधी थांबत नाही. स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन्हींना इंजिन सतत मदत पुरवत असते. इंजिन थांबले की ही मदत थांबते. स्टिअरिंग आणि ब्रेक थांबत नाहीत. स्टिअरिंगचे चक्र दांड्यांच्या आणि दातेरी पट्टीच्या साहाय्याने पुढच्या चाकांना प्रत्यक्ष जोडलेले असते, आणि ब्रेकचे पॅडल द्रवाने भरलेल्या नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचलेले असते. ही जोडणी इंजिनावर अवलंबून नाही. ‘ब्रेक लागेना, स्टिअरिंग जॅम झाले’ अशी जी वाक्ये इंजिन बंद पडल्याच्या हकिगतींत ऐकू येतात, त्यांतील बऱ्याच ठिकाणी ब्रेक लागत होता आणि स्टिअरिंगही वळत होते. त्यांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर हवा होता आणि तो लावायचा असतो हे चालकाला माहीत नव्हते.

स्टिअरिंगची गोष्ट थोडक्यात संपते. जुन्या गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने स्टिअरिंगला मदत करतो, त्यामुळे इंजिन थांबताच मदत जाते. नव्या बहुतेक मोटारींत हे काम विजेची मोटर करते. काही गाड्यांत ती बॅटरीवर थोडा वेळ चालू राहते, तर काहींत इंजिनाबरोबर तीही थांबते. कोणत्याही प्रकारात गाडी वेगात असेपर्यंत चाके फारशी अडत नाहीत, पण वेग उतरत जातो तसे स्टिअरिंग अधिकाधिक जड होत जाते, आणि म्हणून वळायचे ते गाडी पळत असतानाच वळून घ्यावे.

ब्रेकचा प्रकार जरा अधिक मजेदार आहे आणि जरा अधिक वेळ देण्याजोगा आहे. बोनेट उघडले की चालकाच्या बाजूला, मागच्या पत्र्याला टेकून, काळ्या रंगाचा एक चपटा डबा दिसतो. हा ब्रेकचा बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि इंजिन चालू असताना त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा शोषून घेतलेली असते. पेट्रोल गाडीत हे काम इंजिनाचा स्वतःचा श्वास करतो, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. आपण पॅडलवर पाय ठेवला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आत शिरते, दुसऱ्या बाजूला निर्वात कायम असतो, आणि वातावरणाचा दाब पडदा ढकलून आपल्या पायाला हातभार लावतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो, आणि त्यातील सत्तर टक्के जरी वापरात आला, तरी आपल्या पायाला दोनशे किलोंहून अधिक वजनाची मदत मिळते. एवढी मदत रोज फुकट मिळत असल्यामुळे आपला पाय लाडावतो.

इंजिन बंद पडल्यावर बूस्टरमधील निर्वात लगेच नाहीसा होत नाही, कारण नळीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते आणि ती साठलेला निर्वात कोंडून ठेवते. मात्र नवा निर्वात तयार होत नाही. पॅडल दाबून सोडले की आत शिरलेली हवा पडद्याच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि शिल्लक तेवढी कमी होते. साधारणपणे दोन किंवा तीन वेळा पॅडल दाबून सोडले की शिल्लक संपते आणि पॅडल दगडासारखे होते. यातून एक अगदी व्यवहारी नियम निघतो: इंजिन बंद असताना ब्रेक दाबायचा तो एकदाच, गरजेपुरता आणि पाय न उचलता. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून-सोडून लावण्याची जुनी शिकवण येथे उलटी पडते.

हे वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः करून पाहावे असे मी सांगेन, कारण त्याला दोन मिनिटे लागतात आणि पेट्रोलही लागत नाही. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून ब्रेकचे पॅडल दाबा. पहिल्या खेपेस ते नेहमीसारखे मऊ जाते, दुसऱ्या खेपेस थोडे उंचावर अडते, तिसऱ्या-चौथ्या खेपेस पायाखाली वीट ठेवल्यासारखे वाटते. आता त्या विटेवर पूर्ण ताकदीने, मांडीपासून जोर लावून दाबून ठेवा आणि लक्षात ठेवा, कारण संकटात आपल्या पायाला हीच वीट भेटणार आहे. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल अलगद दोन बोटे खाली जाईल. ते खाली गेले तर बूस्टर ठणठणीत आहे. गाडी चालवायला शिकवणाऱ्या किती वर्गांत हा पाच वाक्यांचा धडा दिला जातो, कोण जाणे. मला तरी तो कोणी दिला नव्हता.

विजेवर चालणाऱ्या आणि काही हायब्रिड गाड्यांत इंजिनाच्या श्वासावर अवलंबून नसलेली ब्रेकची मदत असते, त्यामुळे तेथे हा हिशेब थोडा वेगळा असतो. विजेच्या गाडीत शक्ती कमी झाल्याची सूचना बहुधा आधीच मिळते. अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या पडद्यावर कासवाचे चित्र उमटते आणि गाडी जेमतेम रखडत जाईल एवढाच जोर शिल्लक ठेवते. ते चित्र दिसले की पुढचे चार्जिंग केंद्र शोधण्याआधी डावी कडा शोधावी.

शिल्लक वेगाचा हिशेब

इंजिन गेल्यावर चालकाच्या हाती जी खरी पुंजी उरते ती म्हणजे गाडीचा त्या क्षणीचा वेग. तो परत मिळवता येत नाही. एक टन वजनाची साधी मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, तर हवेचा आणि टायरांचा विरोध तिला थांबवेपर्यंत ती अंदाजे एक किलोमीटर घरंगळत जाते. हा आकडा ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण इंजिन बंद पडले की गाडी जागच्या जागी थांबेल अशी एक धास्ती मनात असते. पण तीच गाडी गिअरमध्ये ठेवली तर बंद इंजिन चाकांना मागे ओढते आणि अंतर बरेच घटते, म्हणून जवळ जागा नसेल तेव्हा क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणणे फायद्याचे. चढावर चित्र पालटते. वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी न्यूट्रलमध्येही शंभर मीटरच्या आत थांबते. खंबाटकीत आमच्या हाती तेवढेच होते, आणि त्यातील पहिली काही सेकंदे किल्लीने खाल्ली असती तर गाडी लेनच्या मधोमध उभी राहिली असती.

म्हणून क्रम असा लागतो. इंजिनाने मान टाकली हे कळताच प्रथम चारही इंडिकेटर एकदम लावणारे लाल त्रिकोणाचे बटण दाबावे, आरशात पाहावे, आणि डावीकडे सरकायला सुरुवात करावी. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नये, कारण ब्रेक दाबणे म्हणजे आपली पुंजी स्वतःच उधळणे. ब्रेक फक्त पुढे गाडी आली तर किंवा शेवटी थांबताना. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर उजव्या लेनमधून साइडपट्टीवर येण्यासाठी दोन लेन ओलांडाव्या लागतात, आणि तेव्हा वेग जितका जास्त शिल्लक, तितके मागच्या गाड्यांमध्ये शिरणे सोपे. एकदम दोन लेन कापू नयेत. एक ओलांडावी, डावा आरसा पुन्हा पाहावा, मग दुसरी. थांबण्याची जागा निवडायला मिळाली, तर वळणाच्या आत किंवा पुलावर न थांबता सरळ रस्त्यावर, जिथे मागून येणाऱ्याला दुरून दिसेल, तिथे थांबावे; शंभर मीटर आणखी घरंगळता येत असेल तर ते वापरावेत.

किल्लीचे प्रकरण

आता किल्लीकडे वळू. गाडी पळत असताना इंजिन पुन्हा सुरू करू नये असे नाही. रस्ता मोकळा असेल, गाडी सरळ चालली असेल आणि डावीकडे यायची तजवीज झाली असेल, तर एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. साध्या गिअरच्या गाडीत क्लच पूर्ण दाबून किल्ली ‘स्टार्ट’कडे फिरवावी. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘एन’ वर आणूनच इंजिन सुरू होते. चालत्या गाडीत ‘पी’ वर कधीही आणू नये, त्याने गिअरबॉक्सचे नुकसान होते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत बटण किती वेळ दाबल्यावर काय होते हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. बहुतेक गाड्यांत चालताना ते बटण काही सेकंद दाबून धरले किंवा लागोपाठ अनेकदा दाबले तर इग्निशनच बंद होते, म्हणून घाबरून बटणावर अंगठा दाबून धरणे हा सर्वांत वाईट उपाय. गाडीसोबत मिळालेले पुस्तक, जे सहसा डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर येत नाही, त्यातील तेवढे एक पान वाचून ठेवावे.

एक प्रयत्न फसला की किल्ली पुन्हा ‘ऑन’ वर राहू द्यावी, मागे घेऊ नये. याची दोन कारणे आहेत. किल्ली पूर्ण मागे फिरवून बाहेर काढली की चोरीपासून संरक्षणासाठी बसवलेले कुलूप स्टिअरिंगला अडकते, आणि मग जड असलेले स्टिअरिंग खरोखरच वळेनासे होते. दुसरे कारण एअरबॅगचे आहे. एअरबॅगची यंत्रणा किल्ली ‘ऑन’ असतानाच जागी असते. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यामागे नेमका हाच दोष होता: इग्निशनचा खटका इतका हलका बसवला होता की जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने किल्ली आपोआप एक घर मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाई, आणि नंतर टक्कर झाली तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी, की कंपनीच्या आत कित्येक वर्षे या प्रकाराची नोंद ग्राहकाची गैरसोय म्हणून होत होती, सुरक्षेचा दोष म्हणून नव्हे; इंजिन बंद पडले तरी गाडी वळवता आणि थांबवता येते, मग धोका कसला, असा तो विचार होता. वळवता आणि थांबवता येते हे खरेच आहे, पण ते ठाऊक असलेल्या चालकाला, आणि एअरबॅग जागी असताना. आपल्याकडे किल्लीच्या जुडग्यात घराची, तिजोरीची, गोदरेजच्या कपाटाची किल्ली आणि वर गणपतीचे पितळी पदक लटकावण्याची हौस दांडगी आहे. गाडीची किल्ली एकटी ठेवलेली बरी.

शक्ती गेली म्हणजे नेमके काय गेले

‘पिकअप गेला’ या एका शब्दप्रयोगात तीन वेगवेगळ्या गोष्टी मावतात आणि त्यांचा फरक कानांनी आणि डोळ्यांनी दोन सेकंदांत ओळखता येतो. इंजिनाचा आवाज वाढतो आहे पण गाडी पुढे जात नाही, असे असेल तर इंजिन ठीक आहे आणि क्लच प्लेट घसरते आहे. अशी गाडी हलक्या पायाने, चढ टाळून, थोडे अंतर नेता येते. इंजिन खोकते, अडखळते, हिसके देते आणि मग मरते, असे असेल तर बहुधा इंधन पोहोचत नाही: टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला, पंप थकलेला किंवा डिझेलमध्ये पाणी. काही पूर्वसूचना न देता दिवा विझावा तसे इंजिन विझते, तेव्हा संशय विजेच्या जोडणीवर, सेन्सरवर किंवा तुटलेल्या टायमिंग बेल्टवर जातो. बेल्ट तुटला असेल तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भुरकन फिरल्यासारखा वाजतो, आणि तेव्हा पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे थांबवावे, कारण अनेक इंजिनांत तसे करताना आतले व्हॉल्व वाकतात.

या तिन्हींहून वेगळा एक आधुनिक प्रकार आहे. इंजिन चालू असते, आवाजही बरा असतो, पण गाडी ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे जायला तयार नसते आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला असतो. गाडीच्या संगणकाने एखाद्या सेन्सरकडून विसंगत माहिती मिळाल्यामुळे इंजिनाला वाचवण्यासाठी स्वतःहून जोर आखडता घेतलेला असतो, आणि मेकॅनिक याला ‘लिम्प मोड’ म्हणतात, म्हणजे लंगडत घरी जाण्याची सोय. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराचे बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल गाड्यांत धुरातील काजळी पकडणारी जाळी सर्रास आली. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि हा प्रकार घडतो. अशा वेळी स्टिअरिंग आणि ब्रेक पूर्ण शाबूत असतात. घाई नसते, डावी लेन धरावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि पहिल्या सुरक्षित ठिकाणी थांबावे.

सीएनजीच्या गाड्यांचा एक किरकोळ पण नेहमीचा किस्सा आहे. सिलिंडर संपत आला की बहुतेक गाड्या आपोआप पेट्रोलवर जातात, आणि त्या बदलाच्या क्षणी एक हिसका बसतो. पेट्रोलची टाकी महिनोन्महिने तळाशी ठेवायची ज्यांना सवय आहे, त्यांच्या गाडीत तो हिसका बसतो आणि मागोमाग काहीच येत नाही. डॅशबोर्डवरील स्विच हाताने पेट्रोलवर टाकून पाहावा. पण टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल कायम असेल, तरच त्याचा उपयोग.

तापमानाचा काटा वर गेल्याने इंजिन थांबले असेल, तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, एवढेच सांगून पुढे जाते. आत दाबाखाली उकळते पाणी असते आणि त्याने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

उतार, फाटक आणि पाणी

तीन ठिकाणी वरचा क्रम बदलतो. पहिले ठिकाण घाटातला उतार. येथे वेग संपण्याची भीती नसते, तो वाढत जाण्याची असते. इंजिन बंद पडले तरी गाडी गिअरमध्येच ठेवावी, कारण बंद इंजिनही चाकांना रोखून धरते, आणि बूस्टरची शिल्लक संपायच्या आत एकाच सलग दाबाने गाडी डोंगराच्या बाजूला थांबवावी. हँडब्रेकची तार मागच्या चाकांपर्यंत स्वतंत्र जाते, तिला इंजिन लागत नाही. बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढला तर तोही साथ देतो, मात्र एकदम खेचला तर मागची चाके अडकून गाडी आडवी होते.

याच कारणाने बोरघाटात डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या अवजड वाहनांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिन फिरवते. इंजिन बंद असताना वारंवार ब्रेक दाबले की टाकीतील दाब उतरतो, आधी बझर वाजतो, आणि दाब फारच उतरला की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळले जाऊन अवजड गाडी रस्त्यात खिळते. त्याआधी, गिअरचा आधार नसल्याने, सगळा भार एकट्या ब्रेकवर येऊन लायनर तापतात आणि धरेनासे होतात. यात बचतही होत नाही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन पूर्ण तोडतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक पैसे देऊन धोका विकत घेतो.

दुसरे ठिकाण रेल्वेचे फाटक. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील सर्व बिनपहाऱ्याची फाटके बंद झाली, त्यामुळे आता बहुधा गेटमन हाकेच्या अंतरावर असतो. रुळांवर गाडी बंद पडली तर एक प्रयत्न, आणि तो फसला की सर्व माणसे बाहेर. सामान नाही, कागदपत्रे नाहीत. गेटमनला कळवावे, आणि आगगाडी येताना दिसत असेल तर रुळांपासून लांब, पण ज्या दिशेने ती येते आहे त्या दिशेकडे तिरके पळावे, कारण धडकेनंतर मोटारीचे तुकडे आगगाडीच्या पुढच्या दिशेला उडतात. पहिल्या गिअरमध्ये नुसत्या सेल्फवर गाडी दोन-चार मीटर सरकवण्याची जुनी युक्ती अनेकांना ठाऊक आहे. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणाऱ्या आजच्या गाड्यांत ती चालत नाही.

तिसरे ठिकाण साचलेले पाणी. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असेल तर वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वाकतो. पण पाणी चढत असेल तर इंजिनाचा विचार नंतर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही माणसे बंद पडलेल्या मोटारींतच अडकून गेली. काच खाली करायची ती पाणी दारापर्यंत येण्याआधी, वीज शाबूत असेपर्यंत, आणि बाहेर पडायचे तेही तेव्हाच.

थांबल्यानंतर

गाडी कडेला उभी राहिली म्हणजे धोका संपला असे वाटते, आणि माझ्या मते खरा धोका तेव्हाच सुरू होतो, कारण आता आपण चालक राहिलेलो नसतो, रस्त्यातला अडथळा झालेलो असतो. चढावर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकामागे दगड असे तिन्ही लावावेत. पुढची चाके अशी वळवून ठेवावीत की गाडी मागे सरकलीच तर रस्त्याच्या मध्याकडे न येता कडेला अडेल. माणसांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे जावे. गाडीच्या मागे उभे राहून डिकी उघडी ठेवून बोलत बसण्याची जी आपली पद्धत आहे, ती सोडावी. कडेला यायला जमलेच नाही आणि गाडी वाहत्या लेनमध्ये उभी राहिली, तर बाहेर पडण्याजोगी फट मिळेपर्यंत पट्टे बांधून आतच बसावे आणि ११२ लावावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावरून क्रेन आणि मदत मिळते.

लाल परावर्तक त्रिकोण नव्या मोटारीबरोबर येतो आणि बहुतेक डिकीत स्टेपनीखाली दबलेला असतो. तो गाडीपासून किती मागे ठेवायचा? ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारा चालक सेकंदाला २८ मीटर कापतो, त्रिकोण दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ४२ मीटर, आणि चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी साठेक मीटर. तेव्हा महामार्गावर शंभर मीटर, म्हणजे मोठी सव्वाशे-दीडशे पावले, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. गाडीला टेकवून ठेवलेला त्रिकोण शोभेचा. तो ठेवायला जाताना उघडा करून छातीसमोर धरावा आणि रस्त्यावरून नव्हे, कठड्यामागून चालावे. रात्री मागचे दिवेही चालू असावेत.

टोचन करून गाडी न्यायची वेळ आली, तर मागच्या गाडीत बसणाऱ्याला वरचा सगळा धडा पुन्हा लागू होतो: किल्ली ‘ऑन’, स्टिअरिंग जड, ब्रेक दगड. दोर ताणलेला राहील असा हलका ब्रेक सतत धरावा आणि वेग सायकलपेक्षा फार नसावा. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढू नये. तिला क्रेनच्या पाटावरच चढवावे.

त्रिकोण नसला की आपल्याकडे ट्रकचा क्लीनर झाडाची फांदी तोडून आणतो आणि रस्त्यावर दगडांची रांग मांडतो. फांदी दिवसा दुरून दिसते, तिच्याविषयी तक्रार नाही. दगड मात्र रात्री कोणालाही दिसत नाहीत, आणि गाडी दुरुस्त होऊन निघून गेली तरी ते तिथेच राहतात. आमचा रिले बदलून झाल्यावर बाबांनी मागच्या चाकाखालचा दगड काढून दरीच्या बाजूला टाकला, आणि मग थोडे खाली चालत जाऊन दुसऱ्या कोणाचे तरी, आधीच्या दिवशीचे असावेत असे, चार दगडही उचलले.